कुर्बानीची जबाबदारी पहिल्यांदाच: बोकड किती, कसा आणि कुठं?

पत्र: बकरी ईदच्या कुर्बानीचं सगळं माझे सासरे एकट्याने बघायचे. रमजानच्या आधी त्यांचा इंतकाल झाला. नवरा कुवेतला नोकरीला आहे, ईदला येऊ शकत नाही. पुण्यात घरी मी, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. माझं माहेर चिपळूणचं, आम्ही शाफई मसलकाचे (पंथाचे). सासर सोलापूरचं, हनफी. आई म्हणते बोकड दोन वर्षांचाच हवा, शेजारच्या खाला म्हणतात एक वर्षाचा चालतो. घरात एकच बोकड केला तर सगळ्यांची कुर्बानी होते का? सासऱ्यांच्या नावे करावी का? सोसायटीने आवारात कापायला मनाई केली आहे, मग करायची कुठं? बाजारात फसवतात असंही ऐकलं आहे. आणि मुलगा रोज विचारतो, “ज्याला आपण खाऊ घालणार त्यालाच का कापायचं?” त्याला काय सांगू? — कोंढव्याची एक सून

उत्तर:

अस्सलाम अलैकुम ताई. सासऱ्यांना अल्लाह जन्नत नसीब करो.

तुमच्या आई आणि शेजारच्या खाला, दोघीही बरोबर आहेत. हनफी मसलकात बोकडाला एक वर्ष पूर्ण लागतं, शाफईत दोन. मेंढ्याला दोन्हीकडे सवलत आहे. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे अशा लग्नाच्या घरात हा वाद दर ईदला निघतो. तो सोडवायचा तर आधी कुर्बानी कोणाकोणाची आहे हे ठरवावं लागतं.

हनफी मसलकात कुर्बानी घरावर नसते, माणसावर असते. गरजा आणि कर्ज वजा जाऊन ज्याच्याकडे निसाब उरतो, त्या प्रत्येक सज्ञान मुसलमानावर ती वाजिब, म्हणजे बंधनकारक. निसाब म्हणजे साडेबावन्न तोळे चांदी (612.36 ग्रॅम) किंवा साडेसात तोळे सोनं (87.48 ग्रॅम). जकातीसारखं त्यावर वर्ष उलटावं लागत नाही, ईदच्या दिवसांत तेवढी मालमत्ता असली की झालं. इथेच बायकांचा हिशेब चुकतो. ‘साडेसात तोळे कुठे आहेत माझ्याकडे’ म्हणून त्या गप्प बसतात. पण ती मोजणी नुसतं सोनंच असेल तेव्हाची. सोन्यासोबत बँकेत थोडी रक्कम किंवा थोडी चांदी असेल तर सगळ्याची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडून बघायची. आजच्या भावात दोन-तीन तोळे सोनं आणि थोडी रोकड एवढ्यावरही निसाब सहज ओलांडला जातो. सासूबाईंच्या पाटल्या आणि त्यांच्या नावची ठेव आधी मोजा. शिवाय सासऱ्यांच्या मागे मुलं आहेत, म्हणजे त्यांच्या मालमत्तेतला आठवा हिस्सा सासूबाईंचा आहे, वाटणी अजून झाली नसली तरी.

तुम्ही शाफई आहात. तुमच्या मसलकात कुर्बानी सुन्नत-ए-मुअक्कदा (आग्रहाने सांगितलेली, पण सक्तीची नसलेली) आहे, आणि घरातल्या एकाने केली की घरच्यांची सुन्नत अदा होते. तेव्हा तुमच्यावर वेगळ्या बोकडाचा बोजा नाही. नवरा आणि सासूबाई दोघांकडे निसाब असेल तर मात्र त्यांच्या दोन कुर्बान्या लागतील. एका बोकडात दोघांची वाजिब कुर्बानी होत नाही, तो एका नावाचाच. दोन बोकड परवडत नसतील तर मोठ्या जनावरात हिस्सा घेता येतो. महाराष्ट्रात 2015 पासून गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे, म्हणून इथे मोठं जनावर म्हणजे म्हैसवर्गातलं: दोन वर्षं पूर्ण झालेलं, सात हिश्श्यांपर्यंत. मशिदी आणि मदरसे असे हिस्से गोळा करतात. हिस्सा घेताना दोन गोष्टी विचारा. सातही जणांची नियत कुर्बानीची किंवा अकीक्यासारख्या (मूल जन्मल्यावर करतात त्या कुर्बानीसारख्या) सवाबाच्या, म्हणजे पुण्याच्या, कामाची आहे ना? नुसतं मटण हवं म्हणून एक जण जरी त्यात आला तरी सगळ्यांची कुर्बानी अडते. आणि मांस तोलून वाटतात की डोळ्यांच्या अंदाजाने? अंदाजाने वाटलेलं चालत नाही.

सासऱ्यांच्या नावे जरूर करा, पण आधी दोन्ही वाजिब कुर्बान्यांची सोय झाली पाहिजे. ईदच्या आधीच ते गेले, त्यामुळे यंदाची कुर्बानी त्यांच्यावर वाजिब नव्हती. तुम्ही कराल ती नफल (ऐच्छिक), तिचा सवाब त्यांना, आणि तिचं मांस घरात खायलाही हरकत नाही. त्यांनी वसीयत करून ठेवली असेल तर गोष्ट बदलते: खर्च त्यांच्या मालमत्तेच्या एक तृतीयांशातून करायचा आणि ते मांस सगळं गरिबांना द्यायचं. त्यांची डायरी, कपाटातले कागद एकदा बघून घ्या. आणि वसीयत नसेल तर त्यांच्या खात्यातले पैसे काढून त्यांच्या नावे बोकड आणू नका. ते पैसे आता सगळ्या वारसांचे आहेत. सगळे राजी असतील तरच त्याला हात लावा, नाही तर तुम्ही किंवा नवऱ्याने स्वतःच्या पैशातून करा.

आता नवऱ्याचं. ‘माझ्या नावे कुर्बानी कर’ असं त्यांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. फोनवर किंवा मेसेजमध्ये सांगितलेलं पुरतं. न विचारता परस्पर केली तर त्यांची वाजिब त्यांच्याकडे शिल्लक राहू शकते. सासूबाईंचंही तसंच. दुसरी अडचण तारखेची. हनफींत कुर्बानीचे दिवस तीन: जिलहिज्ज महिन्याची 10, 11 आणि 12 तारीख, 12 च्या सूर्यास्तापर्यंत. शाफईंत 13 च्या सूर्यास्तापर्यंत. कुवेतमध्ये ईद बहुतेक वेळा आपल्या एक दिवस आधी असते. म्हणजे आपल्याकडे तिसरा दिवस उजाडतो तेव्हा तिकडे 13 तारीख लागलेली असते आणि त्यांच्यासाठी मुदत संपलेली असते. त्यांचा बोकड पहिल्याच दिवशी करा, फार तर दुसऱ्या दिवशी मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) आधी. खाटीक मिळाला नाही म्हणून ‘बघू तिसऱ्या दिवशी’ असं त्यांच्या बाबतीत चालणार नाही. सासूबाईंचा बोकड मात्र तिन्ही दिवसांत कधीही चालेल. या तीन दिवसांच्या सवलतीचा मोठा चांगला उपयोग 2023 मध्ये महाराष्ट्राने पाहिला. 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, तेव्हा पंढरपुरासह अनेक गावांतल्या मुसलमानांनी नमाज त्या दिवशी पढून कुर्बानी पुढच्या दिवशी केली. शरियतमध्ये ती तितकीच पूर्ण होती.

जनावराकडे वळू. वय दातांवरून बघायचं. खालच्या जबड्यात पुढे आठ बारीक दुधाचे दात असतील तर बोकड अदंत. वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान मधले दोन पडून रुंद पक्के दात येतात, तो दोन दाती. चार पक्के दात दिसले की दोन वर्षांच्या आसपासचा. पाळणाऱ्याकडून जन्माची खात्री असेल तर दात न पडलेला पण वर्ष भरलेला बोकडही हनफींत चालतो, बाजारात मात्र विक्रेत्याच्या शब्दापेक्षा दात बघणं बरं. तुम्हाला सासूबाईंसाठी आणि नवऱ्यासाठी घ्यायचा आहे, म्हणून दोन दाती पुरेसा आहे. आईच्या मनाचं समाधान हवं असेल तर चार दाती, दोन वर्षं भरल्याची खात्री असलेला घ्या, कोणाचाच आक्षेप राहणार नाही.

ऐब असलेला बोकड चालत नाही: एका डोळ्याने आंधळा, इतका लंगडा की चौथा पाय टेकवत नाही, उघड आजारी, हाडांत मगज उरला नाही इतका मरतुकडा, कान किंवा शेपूट एक तृतीयांशाहून जास्त कापलेली, शिंग मुळापासून उखडलेलं. शिंगाचं नुसतं टोक तुटलं असेल तर हरकत नाही. खच्ची केलेला बोकड चालतो, उलट त्याचं मांस चांगलं असतं आणि वास कमी येतो. अंगावर नाव उमटल्यासारखे डाग दाखवून लाखांत विकले जाणारे बोकड सोडून द्या. त्या डागाला कुर्बानीत कसलंही स्थान नाही आणि तेवढ्या पैशात चार गरीब घरांत मटण पोहोचतं.

बाजारात तुटलेलं शिंग चिकटवलेलं असतं, तेव्हा दोन्ही शिंगं मुळाशी धरून हलवून बघा. विकण्याआधी मीठ चाटवून भरपूर पाणी पाजतात, त्यामुळे पोट टम्म दिसतं आणि काट्यावर दोन-तीन किलो वाढतात. पाठीवर हात फिरवा. मणक्याची हाडं धारदार लागली आणि पोट मात्र फुगलेलं दिसलं तर तो पाण्याचा फुगवटा आहे. काटा नसेल तर शिंप्याची टेप न्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पार्श्वभागाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 10,840 ने भागा. घेर 75 आणि लांबी 68 असेल तर वजन साधारण 35 किलो येतं. त्यातून कातडी, डोकं, पाय आणि पोट वगळून 45 ते 50 टक्के, म्हणजे 16-17 किलो मटण हाडांसकट हाती लागेल. उस्मानाबादी किंवा संगमनेरी बोकड इथल्या हवेला सरावलेला असतो. राजस्थानातून आलेले शिरोही आणि सोजत दिसायला देखणे असतात, पण ट्रकच्या लांब प्रवासाने थकलेले आणि खोकणारे त्यांत बरेच सापडतात. नाकातून घट्ट शेंबूड, पातळ हगवण, तोंडात किंवा खुरांच्या बेचक्यात फोड दिसले की तिथून पुढे चला. खालची पापणी ओढून बघा: आतून गुलाबी-लाल हवी, पांढुरकी असेल तर पोटात जंत आहेत आणि रक्त कमी आहे.

घरी आणल्यावर जे बोकड मरतात ते बहुतेक प्रेमाने मरतात. मुलं चपाती, भात, पाव, ज्वारी, गव्हाचं पीठ, जे हाताला येईल ते भरवतात. बोकडाच्या पोटातले जंतू पाला-कडबा पचवण्याला सरावलेले असतात. अचानक धान्य पडलं की आम्ल वाढतं, डावी कूस फुगते, बोकड दात खातो, आडवा पडतो आणि एक-दोन दिवसांत जातो. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा रोग, तोही असाच होतो. 30 ते 35 किलोच्या बोकडाला दिवसाला दोन किलो हिरवा पाला (सुबाभूळ, शेवरी, मका), 400 ते 500 ग्रॅम वाळका चारा (कडबा, भुईमुगाचा पाला, तुरीचं भूस) आणि भरडलेलं धान्य किंवा पेंड जास्तीत जास्त 200 ग्रॅम, तेही विक्रेता आधी देत असेल तरच. ओला पाला सकाळी दव सुकल्यावर द्या. पाणी तीन ते पाच लिटर. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आहे, 2024 ला ती 17 जूनला होती, 2025 ला 7 जूनला, म्हणजे आता ती मेच्या उन्हात जाते आहे. सावली आणि पाणी यांत कसूर नको. कूस फुगली तर पुढचे पाय उंचावर राहतील असं उभं करा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. तेल पाजताना श्वासनलिकेत गेलं की बोकड हातचा जातो, म्हणून नवख्याने ते करू नये. एवढं करूनही बोकड मेला, तर हनफी मसलकात निसाब असलेल्याने दुसरा आणायचा. ईदच्या दोन-तीन दिवस आधी आणलात तर हा धोका बराच कमी होतो.

मुलाने दिवसभर त्याच्यापाशी बसावं, पाला-पाणी त्याच्या हातून द्यावं. त्याच्या प्रश्नाला उत्तर सोपं करून देऊ नका, तो योग्य प्रश्न विचारतो आहे. कुरआनात सूरह साफ्फातमध्ये हजरत इब्राहिम मुलाला आपलं स्वप्न सांगतात आणि विचारतात, तुझं काय मत? मुलगा म्हणतो, तुम्हाला जो हुकूम झाला आहे तो करा, मी सबर करीन. मग मुलाच्या जागी मोठी कुर्बानी दिली जाते. म्हणजे ज्याची ओढ आहे तेच अल्लाहसमोर ठेवायचं, आणि अल्लाहला मूल नको होतं. सूरह हजमध्ये तर स्पष्ट म्हटलं आहे की या जनावरांचं मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे मनातली अल्लाहची जाणीव. बोकडाला जीव लावला म्हणून वाईट वाटतंय, तर वाटू दे. रडला तर ‘ईदला रडतात का’ म्हणून दटावू नका आणि कापताना बघायला तर मुळीच लावू नका. त्याला वाटा द्यायचे काम सांगा, ते तो मनापासून करील.

जागेचं: सोसायटीची मनाई पाळा, आणि पार्किंगमध्ये परवानगी मिळाली असती तरी आम्ही नको म्हटलं असतं. तिथे धुण्याची सोय नसते, गटारात रक्त आणि आतडी जातात आणि वर्षभराचा शेजार बिघडतो. कोंढव्यातच महापालिकेचा कत्तलखाना आहे. तिथली वेळ, शुल्क आणि क्रमांकाची पद्धत ईदच्या आठवडाभर आधी जाऊन विचारा, महापालिकेने त्या वर्षी आणखी जागा नेमल्या असतील तर त्याही. खाटीकही तेव्हाच ठरवा. पहिल्या दिवशी सकाळी नऊ ते बारा सगळ्यांनाच हवं असतं. दुपारची वेळ घेतली तर काम शांतपणे होतं.

शहरात ईदच्या नमाजाच्या आधी केलेली कुर्बानी होत नाही, ते नुसतं मटण ठरतं. आदल्या रात्रीपासून बोकडाला चारा बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू. सुरी आठ-दहा इंचांची, पात्याला कुठेही खाच नसलेली हवी. नखावरून हलकेच ओढली तर अडता कामा नये. धार जनावरासमोर लावू नये आणि एकासमोर दुसरं कापू नये. तुमचे दोन बोकड असतील तर दुसरा आडोशाला ठेवायला माणूस लागेल. कान धरून किंवा पायाने फरफटत नेऊ देऊ नका. डाव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. जो सुरी चालवतो त्याने ‘बिस्मिल्लाही अल्लाहु अकबर’ स्वतः म्हणायला हवं. तुम्ही हौसेने खाटकाच्या हातावर हात ठेवून सुरी धरलीत तर दोघांनीही म्हणायचं. एकाने म्हटलं की पुरे, असं समजून दुसऱ्याने जाणूनबुजून सोडलं तर हनफींत जनावरच हराम होऊन बसतं. बाईने जिबह केलेलं पूर्ण जायज आहे, सराव नसेल तर नुसतं उभं राहा. घाटीच्या खाली एका झटक्यात श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या पाहिजेत, हनफींत चारांपैकी निदान तीन. मुंडी वेगळी करायची नाही. घाईतले खाटीक लगेच मान मोडतात किंवा छातीत सुरी खुपसतात, म्हणजे जनावर लवकर थंडावतं आणि त्यांचा पुढचा नंबर गाठता येतो. हे मकरूह (नापसंत) आहे. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत तीन-चार मिनिटं थांबा, मगच कातडी सोलू द्या. ठरवतानाच हे त्याला सांगा आणि त्या वेळेचे पैसे वाढवून द्या.

मजुरी रोख द्या. मटण, मुंडी किंवा कातडी मजुरीत वळती करायची नाही. पैसे चुकते केल्यावर भेट म्हणून वाटा दिलात तर ठीक. पित्ताशय न फोडता काढायला सांगा, मूत्राशय, गुप्तांग, वृषण आणि मांसातल्या गुठळ्याही काढायच्या.

गरम मटण प्लास्टिकच्या पिशवीत दाबून घरी नेलं की आतली ऊब कोंडते आणि दोन तासांत आंबूस वास येतो. रुंद पातेली किंवा टोपल्या घेऊन जा, घरी ताटांत पसरून पंख्याखाली तासभर ठेवा, मग फ्रिजमध्ये. लगेच बर्फात टाकलेलं मटण चामट होतं, म्हणून पाच-सहा तास साध्या कप्प्यात ठेवून मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या फ्रीझरमध्ये. कलेजी, गुर्दा त्याच दिवशी करा. वजडी उकळत्या पाण्याने आणि चुन्याने खरवडून लगेच साफ केली नाही तर वास जाता जात नाही.

तीन वाटे, एक घराला, एक नातेवाईक-मित्रांना, एक गरिबांना, ही पसंतीची रीत आहे, सक्ती नाही. पण मांड्या-रान घरात आणि गळ्याची हाडं, पडदे गरिबांच्या पिशवीत, हे बघवत नाही. सगळे तुकडे मोठ्या परातीत मिसळून मगच वाटे घाला. हनफींत बिगरमुस्लिम शेजाऱ्यालाही देता येतं. कच्चं मटण दारात न पाठवता आधी विचारा, शाकाहारी घरी शीरखुर्मा द्या. नवरा आणि सासूबाई, ज्यांच्या नावे कुर्बानी आहे, त्यांनी जिलहिज्जचा चाँद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस-नखं न कापणं पसंत आहे. 9 तारखेच्या फजरपासून (पहाटेच्या नमाजापासून) 13 च्या असरपर्यंत (दुपारनंतरच्या नमाजापर्यंत), 23 फर्ज नमाजांनंतर, तकबीर (‘अल्लाहु अकबर’चा जप) म्हणायची, बायकांनी हळू आवाजात.

राहिली कातडी. ती विकली तर ते पैसे सदका (दान) करावे लागतात, घरखर्चात येत नाहीत. पूर्वी मदरसे घरोघरून न्यायचे. आता भाव इतका पडला आहे की बरेच मदरसे नेत नाहीत, तेव्हा ईदच्या आधी फोन करून विचारा. नेणार असतील तर आतून चरबी-मांस खरवडून, एका कातडीला सुमारे किलोभर खडे मीठ चोळून, घडी न घालता सावलीत पसरून ठेवा. उकाड्यात बिनमिठाची कातडी संध्याकाळपर्यंत सडायला लागते आणि केस गळतात, मग ती कोणीच घेत नाही.